चारशे जीपीचा घोडा आणि अर्ध्या पानाचे नियम

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या खेळात माझा घोडा, पेंड्या, पहिल्याच राऊंडला मेला. टेकडीवर उभ्या असलेल्या विझर्डने म्हणजे जादूगाराने फायरबॉल (आगीचा गोळा) टाकला, डीएमने म्हणजे खेळ चालवणाऱ्याने आठ फासे ओंजळीत खुळखुळवून टाकले, बेरीज आली ३१, आणि आमच्या पेंड्याकडे होते एकूण १९ हिट पॉइंट, म्हणजे तेवढाच जीव. सेव्हला, म्हणजे त्यातून वाचायच्या प्रयत्नाला, मी त्याच्या नावाने फासा टाकला तर आले ४. संपला विषय. पाठीवर बसलेला माझा फायटर, म्हणजे मी खेळतो तो योद्धा, मात्र सेव्ह मारून ४४ पैकी २९ वर ठणठणीत, घोडा कोसळताना रिॲक्शन वापरून दोन पायांवर उतरला पण, जसं काही रिक्षातून उतरतोय. टेबलावर सगळे हसले. मी पण हसलो, पण आतून चिडलो होतो कारण तो घोडा ४०० जीपीचा (गोल्ड पीस, खेळातली सोन्याची नाणी) होता आणि ते ४०० जीपी मी चार महिने रविवारी रविवारी खेळून साठवले होते.

तर हा रिव्ह्यू त्या नियमांचा. डंजन्स अँड ड्रॅगन्सची फिफ्थ एडिशन, २०१४ चं प्लेयर्स हँडबुक, कॉम्बॅटच्या चॅप्टरच्या शेवटाकडे 'माउंटेड कॉम्बॅट' नावाचा छोटा तुकडा आहे तो, आणि जाता जाता २०२४ च्या नव्या हँडबुकमध्ये त्याचं काय केलंय तेही. मी सव्वा वर्ष घोडेस्वार खेळतोय. आमच्या ग्रुपमध्ये असला हट्ट दुसऱ्या कोणी केलेला नाही आणि मला आता कळतंय का नाही केला ते.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत, पाच सहा जण टेबलाभोवती बसतात, एक डीएम म्हणजे जगाचा सूत्रधार, बाकीच्यांचं एकेक कॅरेक्टर, फासे टाकायचे आणि गोष्ट पुढे न्यायची. मारामारी आली की चौकटींचा नकाशा अंथरायचा, एक चौकट म्हणजे ५ फूट. बस.

गंमत बघा, हा गेम १९७४ साली आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा, पण त्याच्या आधी १९७१ ला 'चेनमेल' म्हणून मध्ययुगीन लढायांचे नियम आले होते, छोट्या छोट्या शिशाच्या सैनिकांना टेबलावर लढवायचे, आणि त्यात हलकं, मध्यम, जड असं तीन प्रकारचं घोडदळ होतं. म्हणजे या खेळाचं मूळच घोड्यावर बसलेलं आहे. आणि पन्नास वर्षांनी घोड्याच्या वाट्याला आलं किती तर अर्ध पान. बरं.

नियम काय म्हणतात ते आधी. तुमच्यापेक्षा किमान एक साईज मोठा, राजीखुशीने बसू देणारा आणि अंगाच्या ठेवणीने बसण्याजोगा कुठलाही प्राणी तुमचं वाहन होऊ शकतो. चढायला किंवा उतरायला तुमच्या स्पीडच्या अर्धी मोव्हमेंट जाते, म्हणजे ३० फूट चालणाऱ्या माणसाला १५ फूट. मग दोन रस्ते. घोडा तुमच्या ताब्यात असेल तर तो तुमच्याच इनिशिएटिव्हवर (पाळीच्या क्रमावर) चालतो, तुम्ही म्हणाल तिकडे जातो, पण त्याला तीनच गोष्टी करता येतात, डॅश म्हणजे जास्त पळणं, डिसएंगेज म्हणजे शत्रूला फुकटचा वार न देता सटकणं आणि डॉज म्हणजे अंग चोरणं. हल्ला नाही. लाथ नाही, चावा नाही, काही नाही. किंवा मग त्याला मोकळा सोडायचा, मग तो स्वतःच्या इनिशिएटिव्हवर स्वतःच्या मर्जीने वागणार, हल्ला करेल किंवा धूम ठोकेल, आणि ती मर्जी बहुतेक टेबलांवर डीएमची. ड्रॅगनसारखे अक्कल असलेले प्राणी कायम दुसऱ्या प्रकारात.

वाचायला एकदम सुटसुटीत आहे, पाच मिनिटात कळतं, ती खरंच जमेची बाजू. नवीन माणूस पहिल्याच दिवशी घोड्यावर बसून खेळू शकतो. पण खेळायला लागल्यावर घोडं पेंड कुठे खातंय ते कळायला लागतं (आमच्या घोड्याचं नाव त्यावरूनच पडलं).

सगळ्यात आधी हिशोब. वॉरहॉर्स ४०० जीपी, साधा रायडिंग हॉर्स ७५ जीपी. वॉरहॉर्सकडे काय भारी आहे, तर ट्रॅम्पलिंग चार्ज, २० फूट सरळ धावत जाऊन टापा घातल्या आणि लागल्या तर समोरच्याने १४ चा स्ट्रेंथ म्हणजे ताकदीचा सेव्ह मारायचा (फासा आणि बोनस मिळून १४ तरी यायला हवेत), नाही जमला तर तो आडवा, आणि आडव्या पडलेल्याला बोनस ॲक्शनमध्ये अजून एक टाप. एक नंबर. पण थांबा, ताब्यातल्या घोड्याला हल्लाच करता येत नाही ना! मग ही टाप काय वरातीत मारायची? म्हणजे मी घोडा ताब्यात ठेवून खेळणार असेन, आणि सगळे तसेच खेळतात, तर वॉरहॉर्स आणि साध्या घोड्यात फरक उरतो तो १९ विरुद्ध १३ हिट पॉइंट, ११ विरुद्ध १० एसी (आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला किती कठीण), आणि थोडं जास्त वजन उचलतो. वेग दोघांचा ६० च. सहा हिट पॉइंट आणि एक एसीसाठी ३२५ जीपी जास्त. त्या ४०० मध्ये पाच साधे घोडे आले असते आणि वर २५ जीपीत एक मॅस्टिफ कुत्रा. हे मला घोडा घेऊन झाल्यावर कळलं. दुकानदार डीएमनेच खेळवला होता, तो गालात हसत होता तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

चिलखत घालीन म्हणाल तर घाला. घोड्याचं चिलखत माणसाच्या चौपट किमतीचं आणि दुप्पट वजनाचं. चेन मेल ३०० जीपी. पूर्ण प्लेट हवं तर ६००० जीपी, त्यात घोड्याचा एसी १८ होतो, एखाद्या सरदारासारखा दिसतो, आणि आत तेच १९ हिट पॉइंट. फायरबॉल एसी विचारतच नाही. सहा हजाराची झूल घालून घोडी वरातीला पण कोणी नेत नाही हो.

मूळ दुखणं हेच आहे. तुमचं कॅरेक्टर लेव्हल चढत जातं, शत्रू चढत जातात, घोडा तिथेच. पहिल्या लेव्हलला १९ हिट पॉइंट म्हणजे घोडा पार्टीतला, म्हणजे आमच्या टोळीतला, सगळ्यात दणकट मेंबर असतो, माझ्या विझर्ड मैत्रिणीचे तेव्हा ७ होते. पाचव्या लेव्हलला तोच घोडा काचेचा. फायरबॉलचं सरासरी डॅमेज २८, म्हणजे सेव्ह हुकला की घोडा गेला, सेव्ह जमला तर १४ खाऊन ५ वर धापा टाकत उभा. आणि ज्या शत्रूला थोडी अक्कल आहे तो तुमच्या १८ किंवा २० एसीवर बाण कशाला वाया घालवेल, खाली ११ एसीचं भलंमोठं जनावर उभं आहे की. डीएमने दया दाखवली तरच घोडा जगतो. आमच्याने बरीच दाखवली, पण विझर्डला कुठे माहीत होतं.

आता खोगिराची गोष्ट सांगतो कारण ती या पुस्तकाचा स्वभाव दाखवते. मी २० जीपी देऊन मिलिटरी सॅडल घेतलं. साधं १० ला मिळतं. पुस्तकात लिहिलंय की या खोगिरामुळे स्वार घट्ट बसतो, घोड्यावर टिकून राहण्यासाठी जो 'चेक' कराल त्यावर तुम्हाला ॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकायचे आणि मोठा घ्यायचा. मस्त. तिसऱ्या का चौथ्या सेशनला एका ड्रुइड जादूगाराने थंडरवेव्ह म्हणजे मागे ढकलणारी जादू मारली, घोडा १० फूट मागे ढकलला गेला. नियम असा की घोडा त्याच्या मनाविरुद्ध हलवला गेला तर स्वाराने १० चा डेक्स्टेरिटी (चपळाईचा) सेव्ह मारायचा, नाहीतर खाली. मी खुशीत दोन फासे उचलले. डीएम म्हणाला एकच टाक. म्हटलं का, खोगीर आहे ना. तो म्हणाला, पुस्तकात 'चेक' लिहिलंय, हा 'सेव्ह' आहे.

आता बाहेरच्या माणसाला हा शुद्ध वेडेपणा वाटेल, पण या खेळात चेक (काही करून दाखवायला टाकलेला फासा) वेगळा आणि सेव्ह (काही अंगावर आल्यावर वाचायला टाकलेला) वेगळा, दोन्हीचे नियम वेगळे, आणि पुस्तक भरून तो फरक कटाक्षाने पाळलाय. आणि घोड्यावर टिकून राहायला चेक करा असं माउंटेड कॉम्बॅटच्या नियमात कुठेही नाही, तिथे फक्त सेव्ह आहे. म्हणजे अक्षरशः वाचलं तर हे २० जीपीचं खोगीर एकाही लिहिलेल्या नियमाला लागू होत नाही! खोगीरभरती हा शब्द आपल्याकडे उगाच आलेला नाही. पंचवीस मिनिटं वाद झाला, व्हिडिओवरून खेळणाऱ्या मैत्रिणीने तेवढ्यात चहा करून आणला आणि पिऊन पण झाला. माझ्या फायटरला डेक्स्टेरिटीचा बोनस शून्य, म्हणजे एका फाशावर वाचायचा चान्स ५५ टक्के, दोन असते तर जवळपास ८०. एकच टाकला, ९ आले, पडलो. डीएमचं चुकलं नाही, पण ज्याने दोन पानं लिहिली त्याने ती एकदा शेजारी शेजारी ठेवून बघायला हवी होती.

आणि पडून तरी काय होतं, तर काही नाही. घोड्याच्या ५ फुटांच्या आत आडवे पडता. तुमच्या टर्नला उठायला अर्धी मोव्हमेंट, परत चढायला अर्धी मोव्हमेंट, झाली पूर्ण ३०, आणि घोडा तर चढलेल्या टर्नलाच सगळे ६० फूट पळू शकतो असं नियमात स्वच्छ लिहिलंय. म्हणजे युद्धात घोड्यावरून पडून, उठून, चढून, भरधाव निघायचं, सगळं सहा सेकंदात, कारण एक राऊंड सहा सेकंदाचा. मी माथेरानला एकदा घोड्यावर बसलोय, चढायलाच मला दोन मिनिटं आणि घोडेवाल्याचा खांदा लागला होता, आणि तो घोडा वाटेत मनात येईल तिथे थांबत होता. इथे घोडा म्हणजे ॲक्टिव्हा आहे. किल्ली फिरवा, चालू. समोर ओगर (राक्षस) आहे, आग आहे, रक्त सांडलंय, घोडं कान सुद्धा हलवत नाही. लगामाला हात लागतो का, त्याचा पण नियम नाही. त्यामुळे जुन्या नियमात दोन हातात दोन लान्स (लांब भाले) घेऊन घोड्यावर बसता येतं, कारण लान्स जमिनीवर दोन हातांनी धरायची पण घोड्यावर एका हाताने चालते, वर एक ड्युअल विल्डर नावाचं फीट घेतलं की झालं (फीट म्हणजे इथे फुटातलं फीट नव्हे, कॅरेक्टरची खास कला). नियमाला धरून आहे, आणि लगाम दातात धरायचा असावा.

बरं, एवढं शिव्या घालून झाल्यावर चांगलं पण सांगतो, कारण एका जागी हे नियम खरंच जबरदस्त चालतात आणि ती जागा म्हणजे उघडं मैदान. घोड्याने डिसएंगेज घ्यायचं, ३० फूट आत घुसायचं, लान्सचा रीच १० फूट, लांबूनच भोसकायचं, ३० फूट मागे. समोरच्याला फुकटचा वार नाही. त्याच्या टर्नला तो ओगर ४० फूट चालून येतो तर तुमच्यापर्यंत पोचला तरी पुढच्या टर्नला तुम्ही परत वाऱ्यावर, आणि ३० फूट चालणारे साधे प्यादे तर वार करण्याइतके जवळ येतच नाहीत. आम्ही एका माळावर गॉब्लिनांची टोळी अशी लोळवली की डीएमने शेवटी पेन खाली ठेवलं. मारा आणि पळा, अंगावर घ्यायचं नाही. आपल्याला हे कोणी शिकवायला नको, गनिमी कावा चौथीच्या पुस्तकात वाचलाय सगळ्यांनी. युरोपातल्या नाइटांचा खेळ म्हणून लिहिलेल्या नियमात भाला खाली करून सरळ धडकणारा नाइट बाद होतो आणि हलका घोडेस्वार राजा ठरतो, हे मला फार आवडलं, लिहिणाऱ्यांच्या मनात हे होतं असं काही वाटत नाही.

कारण धडकण्याला यात नियमच नाही. घोडा ६० फूट चौखूर उधळत आला काय आणि जागेवर शेपूट हलवत उभा राहिला काय, लान्सचं डॅमेज एक डी-ट्वेल्व्ह (बारा बाजूंचा फासा). वेगाचा काही संबंधच नाही. २००३ च्या साडेतीन एडिशनमध्ये घोड्यावरून चार्ज केला की लान्सचं डॅमेज दुप्पट व्हायचं आणि स्पिरिटेड चार्ज नावाचं फीट असेल तर तिप्पट. फासा टाकताना टेबल गप्प व्हायचं. मी कॉलेजात ती एडिशन थोडी खेळलोय, एका वारात डीएमचा महिनाभर जपलेला व्हिलन गेलेला बघितलाय.

पण साडेतीनचे गोडवे गाताना लोक बाकीचं विसरतात. तिथे राइड नावाचं स्किलच होतं आणि प्रत्येक गोष्टीला चेक, गुडघ्याने घोडा वळवायचा ५, घोड्याला लढवायचा १०, घोड्याच्या आडोशाला लपायचं १५, झटकन चढायचं २०, आणि घोडा लढाईला शिकवलेला नसेल तर दर राऊंडला २० चा चेक त्याला नुसता आवरायला. तिथे मिलिटरी सॅडलला खराखुरा उपयोग होता, बेशुद्ध झालात तरी खोगिरात टिकून राहायचा चान्स ७५ टक्के, साध्यावर ५०. हे असलं वाचायला मला जाम आवडतं. खेळायला मात्र एका घोड्यासाठी सगळं टेबल ताटकळत बसायचं, वरून तीन चार फीट घातल्याशिवाय घोडेस्वार जमायचाच नाही. फिफ्थवाल्यांनी हे सगळं ओझं उतरवलं ते बरोबरच केलं, फक्त ओझ्याबरोबर घोडा पण उतरवला.

फिफ्थमध्ये फीट एकच, माउंटेड कॉम्बॅटंट, आणि घोडेस्वार खेळायचा असेल तर ते घेतल्याशिवाय खेळूच नका, मी चौथ्या लेव्हलला दुसरंच काहीतरी घेतलं आणि त्याची किंमत पेंड्याने मोजली. घोड्यापेक्षा लहान आणि पायी असलेल्या कुणावरही जवळून वार करताना कायम ॲडव्हांटेज. कायम! घोडा लार्ज, म्हणजे माणूस, ऑर्क, गॉब्लिन, सगळे आले त्यात. घोड्यावरचा हल्ला स्वतःच्या अंगावर घेता येतो. आणि फायरबॉलसारख्या गोष्टीत घोड्याचा सेव्ह जमला तर डॅमेज शून्य, हुकला तर निम्मं. म्हणजे त्या दिवशी ३१ चे १५ झाले असते आणि पेंड्या ४ वर का होईना उभा असता. हा हिशोब मी त्या रात्री घरी जाऊन केला, झोप नाही लागली नीट.

तरी डंजनचं काय? गेमच्या नावात पहिला शब्दच तळघर आहे. घोडा १० बाय १० फूट जागा व्यापतो, ५ फुटी बोळात त्याला अंग चोरून जावं लागतं, वेग निम्मा, त्याचे हल्ले आणि डेक्स्टेरिटी सेव्ह वाईट, आणि त्याच्यावर येणारे हल्ले सोपे. शिड्या आहेत, पाण्याने भरलेले खंदक आहेत. त्यामुळे दर वेळी आमचा संवाद ठरलेला, डीएम विचारणार घोड्याचं काय करताय, मी म्हणणार बाहेर झाडाला बांधतो, आणि पुढचे तीन तास मी पायी, हातात दोन हातांनी धरायची लान्स, जी ५ फुटांवरच्या शत्रूवर धड चालत नाही, डिसॲडव्हांटेज. आमच्यातली हाफलिंग (बुटक्या लोकांपैकी एक) खेळणारी पोरगी मात्र मॅस्टिफवर बसून जिने उतरून आत येते. २५ जीपीचा कुत्रा. हिट पॉइंट पाच, पण आत येतो ना! छोट्या कॅरेक्टरला मध्यम साईजचं वाहन चालतं हा या नियमांमधला सगळ्यात मोठा छुपा फायदा आहे आणि ज्यांना खरंच घोडेस्वारी खेळायची आहे त्यांनी हाफलिंग किंवा नोम घ्या, माझ्यासारखं सहा फुटी माणूस घेऊन रिकिबीत पाय अडकवू नका.

किंवा सरळ पॅलाडिन (शपथबद्ध योद्धा) घ्या. फाइंड स्टीड नावाचं स्पेल म्हणजे मंत्र आहे, घोडा मेला तर १० मिनिटात परत बोलवा, तोच घोडा, तोच स्वभाव. आणि २०२४ च्या नव्या पुस्तकात तर त्याचं सोनं केलंय, आता एका ॲक्शनमध्ये घोडा हजर, हिट पॉइंट ५ अधिक स्पेलच्या लेव्हलला १० च्या हिशोबाने, म्हणजे दुसऱ्या लेव्हलला २५, चौथ्याला ४५ आणि वर उडायला पण लागतो. पाचव्या लेव्हलच्या पॅलाडिनला दिवसातून एकदा फुकट. म्हणजे घोडा स्वाराबरोबर वाढला पाहिजे हे लेखकांना कळलंय, त्यांनी ते फक्त एका क्लासला (कॅरेक्टरच्या प्रकाराला) दिलं. बाकीच्यांनी आपलं ७५ जीपी घेऊन बाजारात जायचं.

नव्या पुस्तकातला मूळ नियम जवळपास जुनाच. घोडा आडवा झाला तर आधी रिॲक्शन देऊन उतरता यायचं, आता तिथेही तोच १० चा सेव्ह. लान्स डी-ट्वेल्व्हवरून डी-टेनवर आली, पण जवळच्या शत्रूवरचं रडगाणं गेलं आणि टॉपल मिळालं, म्हणजे लागलेल्याला आडवं पाडायची संधी. माउंटेड कॉम्बॅटंट फीटसोबत आता कॅरेक्टरचा एक गुणही वाढतो. नुसत्या घोड्यासाठी पन्नास डॉलरचं पुस्तक परत घेण्यासारखं काही नाही. आणि खरं सांगायचं तर वाचायला पुस्तक लागतच नाही, जुन्या आणि नव्या दोन्ही नियमांचा मूळ गाभा एसआरडी (सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट) नावाने क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली फुकट आहे, जुना २०२३ पासून, नवा २०२५ पासून, माउंटेड कॉम्बॅट दोन्हीत आहे.

पेंड्या गेल्यावर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. खोगिराचा ॲडव्हांटेज सेव्हला पण लागू, यावर वाद बंद. घोड्याला स्वाराच्या दर लेव्हलमागे ५ हिट पॉइंट जास्तीचे, म्हणजे सहाव्या लेव्हलला वॉरहॉर्स ४९ वर. आणि २० फूट सरळ धावून लान्स मारली तर एक फासा जास्त, पण त्या टर्नला घोड्याला डिसएंगेज नाही, म्हणजे घुसायचं तर मार खायची तयारी ठेवून घुसा. ही तिसरी सगळ्यात भारी निघाली. पूर्वी मी यंत्रासारखा आत बाहेर करायचो, आता दर टर्नला विचार करावा लागतो की बाहेरून टोचू का सरळ धडकू, आणि बाकीचे पण ओरडून सल्ले देतात. गेल्या महिन्यात एका पुलावर धडकलो, दोन फासे, ११ आणि १२, आख्खी पार्टी उभी राहिली. ती एक लढाई मला पुस्तकातल्या नियमांनी सव्वा वर्षात दिली नव्हती. तो घोडा पार्टीच्या वर्गणीतून आलेला, पेंड्या दुसरा.

स्टार द्यायचेच तर पाचपैकी अडीच. सोपेपणाला दीड, मैदानातल्या मजेला एक. पॅलाडिन आणि हाफलिंगवाल्यांनी स्वतःचा एक वाढवून घ्या.

आणि जाता जाता, किमतींच्या त्या तक्त्यात अजून एक ओळ आहे जी मला पेंड्या दुसराही गेल्यावर दिसली (गटारातून आलेला ऑटीयुग नावाचा राक्षसी प्राणी, ते जाऊ द्या). हत्ती, २०० जीपी. वॉरहॉर्सच्या निम्म्या किमतीत ७६ हिट पॉइंट. मी डीएमला तक्ता दाखवला, त्याने दोनदा वाचला, मग म्हणाला या शहरात हत्ती विकत मिळत नाही. म्हटलं कुठे मिळतो. म्हणाला दक्षिणेला, समुद्रापलीकडे. आता दोन सेशन झाली, आख्खी पार्टी जहाजावर आहे, मुख्य गोष्ट मागे राहिली, ओलीस धरलेली राजकन्या तशीच आहे, आणि पार्टीतला क्लेरिक म्हणजे पुजारी रोज विचारतो की परत येताना हत्ती या बोटीत मावणार कसा.